विश्लेषण : जुनी टू-स्ट्रोक धूर मारते, पण बोअर खरेच गेला आहे का?

पावसाळ्यात चार महिने उभी राहिलेली जावा, येझदी, राजदूत किंवा आरएक्स १०० सुरू केली, की गल्ली धुराने भरते आणि गॅरेजमधून ‘रिबोअर करा’ असा सल्ला मिळतो. हा सल्ला अनेकदा घाईचा असतो. जास्तीचे ऑइल नेमके कुठून येते आणि इंजिन न खोलता ते कसे ओळखायचे, याविषयी...

पावसाळा सरून ऑक्टोबरचे ऊन पडू लागले, की कोकणात पडवीत, जिन्याखाली किंवा ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या जुन्या दुचाक्या बाहेर निघतात. रत्नागिरीत मांडवीच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यालगतच्या घरांतही हेच घडते. दहा-बारा किका मारल्यावर इंजिन पकड घेते, सायलेन्सरमधून दाट पांढुरका-निळसर धूर निघतो, नळीच्या टोकाशी काळे चिकट थेंब जमतात आणि प्लग काढला तर तो ऑइलने भिजलेला दिसतो. यानंतर दोनच सल्ले मिळतात. पहिला म्हणजे बोअर-पिस्टनचे काम काढा. दुसरा म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल कमी टाका. पहिल्याने पैसे जातात आणि बंद पडलेल्या कंपनीच्या मूळ सिलिंडरचे आयुष्य घटते. दुसऱ्याने चालत्या रस्त्यावर इंजिन जाम होऊ शकते. धूर हे लक्षण आहे, निदान नव्हे. आणि टू-स्ट्रोक इंजिनाच्या बाबतीत ते निदान इंजिन खोलण्याआधी, बहुतेक वेळा घरच्या घरी, मोजमाप करून होऊ शकते.

टू-स्ट्रोकमध्ये ऑइल जळतेच. मग ‘जास्त’ कधी म्हणायचे?

आजच्या फोर-स्ट्रोक दुचाकीत इंजिन ऑइल खालच्या भागात साठवलेले असते. ते फिरून पुन्हा तिथेच येते. ते जळणे अपेक्षित नसते, म्हणून फोर-स्ट्रोक गाडीतून निळा धूर आला तर तो आजारच असतो. टू-स्ट्रोकची रचना मुळात वेगळी आहे. तिच्या क्रँककेसमध्ये ऑइलचा साठा नसतो. हवा, पेट्रोल आणि ऑइल यांचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते, क्रँकच्या बेअरिंगना, कनेक्टिंग रॉडला आणि पिस्टनला वंगण देते, मग सिलिंडरमध्ये चढते आणि पेट्रोलसोबत जळून जाते. म्हणजे इथे ऑइल एकदाच वापरायचे आणि जाळायचे असते. थोडा धूर हा या रचनेचाच भाग आहे. थंड इंजिन सुरू करताना पहिली काही मिनिटे तो जास्त दिसणे हेही नेहमीचेच.

त्यामुळे ‘धूर येतो का’ या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. खरे प्रश्न तीन आहेत. इंजिन पूर्ण तापल्यावर, पाच-सात किलोमीटर चालवल्यावरही धूर तितकाच राहतो का? तो दिवसेंदिवस वाढतो आहे का? आणि किती पेट्रोलमागे किती ऑइल जाते? या तिन्हींची उत्तरे हाती नसताना इंजिनाला पान्हा लावणे म्हणजे ताप मोजण्याआधीच शस्त्रक्रिया करण्यासारखे आहे.

‘रिबोअर’चा सल्ला का चुकतो?

याचे कारण सवयीत आहे. २००० नंतर प्रदूषणाचे निकष कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक मोटारसायकली बाजारातून हळूहळू नाहीशा झाल्या. आज गॅरेजमध्ये काम करणाऱ्या तरुण मेकॅनिकचा हात फोर-स्ट्रोकवर बसलेला आहे. फोर-स्ट्रोकमध्ये रिंगा आणि बोअर झिजले की खालचे ऑइल वर चढते आणि जळते. म्हणून धूर दिसला, की हाफ इंजिन काम, हे समीकरण डोक्यात पक्के होते.

टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनखाली ऑइलचा साठाच नाही. झिजलेल्या रिंगेतून वर चढायला तिथे काही वेगळे ऑइल नसते. जे आहे ते तसेही मिश्रणातून वर जाणारच असते. रिंगा-बोअर झिजल्याची टू-स्ट्रोकमधली लक्षणे निराळी आहेत. कॉम्प्रेशन कमी होते, किक हलकी लागते, गाडी तापल्यावर लवकर सुरू होत नाही, चढावर दम लागतो, पिस्टनचा खडखडाट ऐकू येतो. यांतले काही नसेल आणि फक्त धूर असेल, तर बोअर हा संशयितांच्या यादीत शेवटचा असायला हवा. प्रत्यक्षात त्यालाच पहिल्यांदा पकडले जाते. मग रिबोअर होते, नवा पिस्टन बसतो आणि आठवडाभरात धूर पुन्हा सुरू होतो. कारण दोष जिथे होता तिथेच असतो.

यात नुकसान केवळ पैशांचे नाही. सिलिंडर प्रत्येक वेळी साधारण पाव मिलिमीटरच्या टप्प्याने वाढवला जातो. असे मोजकेच टप्पे असतात. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी या मोटारसायकली बनवल्या; ती १९९६ मध्ये बंद पडली. यामाहाची आरएक्स १०० भारतात १९८५ मध्ये आली आणि तिचेही उत्पादन १९९६ मध्येच थांबले. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे पुन्हा बाजारात आली. पण त्या गाड्या फोर-स्ट्रोक आहेत, त्यांचा जुन्या इंजिनाशी संबंध नाही. अशा गाडीचा मूळ सिलिंडर गरज नसताना एक टप्पा पुढे ढकलणे म्हणजे पुन्हा न मिळणारी शिल्लक खर्च करणे होय.

जास्तीचे ऑइल येऊ शकते कुठून?

वाटा फार नाहीत. एक, पेट्रोलच्या टाकीतून, म्हणजे मिश्रण करतानाच ऑइल जास्त पडले. दोन, ज्या गाड्यांना वेगळा ऑइल पंप आहे त्यांत पंपातून. तीन, गिअर बॉक्समधून. क्रँकवरचे ऑइल सील गेले की गिअर ऑइल क्रँककेसमध्ये ओढले जाते. चार, मागच्या काळातील साठ्यातून; उभ्या गाडीच्या क्रँककेसमध्ये आणि सायलेन्सरमध्ये जमलेले ऑइल. आणि पाचवी शक्यता अशी, की ऑइल जास्त नाहीच. ते नीट जळत नाही. या पाचांतून एकेक वगळत जाणे, हेच निदान. क्रम सोपा आहे : आधी फुकटची तपासणी, मग स्वस्तातली, आणि इंजिन खोलणे सर्वांत शेवटी.

मांडवीत वेगळे काय घडते?

किनाऱ्यावरच्या गाडीचा आजार घाटमाथ्यावरच्या गाडीपेक्षा थोडा वेगळा असतो. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या काळात अनेक जुन्या गाड्या हलतही नाहीत. पेट्रोल कॉक उघडा राहिला किंवा नीट बंद होत नसला आणि कार्बोरेटरची फ्लोट निडल झिजलेली असली, तर टाकीतले मिश्रण थेंबथेंब क्रँककेसमध्ये झिरपते. त्यातले पेट्रोल उडून जाते, ऑइल मागे राहते. चार महिन्यांत चांगला साठा होतो. ऑक्टोबरात पहिली किक बसते तेव्हा तोच साठा धुराच्या रूपाने बाहेर पडतो. हा दोष बोअरचा नाही, कॉकचा आहे. प्लग काढून गाडी हळूहळू किकने फिरवणे, क्रँककेसला ड्रेनचा स्क्रू असल्यास तो उघडून साठा काढणे, आणि नंतर गाडी तापेपर्यंत चालवणे एवढे केले तर यातला बराच धूर दोन-तीन दिवसांत ओसरतो.

दुसरी गोष्ट खाऱ्या हवेची. ऑइल सीलची रबरी कड क्रँकच्या गुळगुळीत पोलादी पृष्ठभागावर फिरत असते. गाडी दमट, खाऱ्या हवेत महिनोन्महिने उभी राहिली की ती कड कडक होते आणि तिच्या लगत शाफ्टवर गंजाचे बारीक खड्डे पडू शकतात. अशा शाफ्टवर नवे सील बसवले तरी ते खड्डे त्याला कापत राहतात. म्हणून सील बदलताना शाफ्टवरून नख फिरवून पाहणे किनाऱ्यावर तरी सक्तीचे मानायला हवे.

तिसरी गोष्ट अंतराची. मांडवीहून बाजारपेठ जेमतेम दोन-तीन किलोमीटर. एवढ्या फेरीत इंजिन आणि सायलेन्सर पुरेसे तापतच नाहीत. न जळलेले ऑइल सायलेन्सरमध्ये साचत जाते. रोज दोन फेऱ्या मारणाऱ्या गाडीत असे काही महिने गेले, की एखाद्या दिवशी पावस किंवा गणपतीपुळ्याच्या रस्त्याला जोरात चालवल्यावर तीच गाडी अचानक धुराचा लोट सोडते. गाडी तेव्हा बिघडलेली नसते, साचलेले बाहेर टाकत असते.

पहिली तपासणी : टाकीतले माप

जावा, येझदी, राजदूत यांसारख्या गाड्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. एकेकाळी पेट्रोल पंपावर टू-टी मिसळलेले पेट्रोल मिळे. आता ती सोय दुर्मीळ झाली आहे आणि काम मालकाच्या अंदाजावर येऊन ठेपले आहे. बाटलीचे झाकण हे माप, आणि वर ‘इंजिनाला बरे’ म्हणून अर्धे झाकण जास्त. हिशेब मात्र साधा आहे. १:२० म्हणजे लिटरला ५० मिलिलिटर, १:२५ म्हणजे ४०, १:४० म्हणजे २५ आणि १:५० म्हणजे २०. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये कोणते प्रमाण दिले आहे ते पाहून औषधाच्या मोजपात्राने किंवा सिरिंजने ते मोजावे. पेट्रोल रुपयांच्या हिशेबाने भरले जाते आणि ऑइल लिटरच्या हिशेबाने टाकले जाते, तिथेही घोळ होतो. शंभर रुपयांचे पेट्रोल म्हणजे एक लिटर, हा जुना हिशेब आता चालत नाही.

ऑइल टाकीत वरून ओतून गाडी न हलवता सुरू केली, तर जाड ऑइल तळाशी बसते आणि कॉकमधून आधी तेच खाली येते. पहिल्या दोन किलोमीटरला धूर, नंतर कोरडे इंजिन, असा दुहेरी तोटा होतो. वेगळ्या कॅनमध्ये मिश्रण करून, हलवून मगच टाकीत ओतणे हा साधा उपाय आहे. निदानासाठी टाकी पूर्ण रिकामी करून मोजून केलेले ताजे मिश्रण भरावे आणि किमान पन्नास-साठ किलोमीटर गाडी चालवावी. धूर उतरला तर पुढे काही करायची गरज नाही.

ज्यांना ऑइल पंप आहे, त्यांचे काय?

यामाहाने १९६४ मध्ये ‘ऑटोल्यूब’ ही पद्धत आणली. तीत ऑइलची टाकी वेगळी असते आणि इंजिनावर चालणारा छोटा पंप अॅक्सिलरेटरच्या प्रमाणात ऑइल सोडतो. सावकाश चालताना कमी, जोरात चालताना जास्त. आरएक्स १०० मध्ये हीच रचना आहे. इथे पहिला प्रश्न विचारायचा तो मागच्या मालकाबद्दल. अनेकांनी पंपावर भरवसा नको म्हणून तो बंद करून पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला सुरुवात केलेली असते. काही वेळा पंप चालूच राहतो आणि वरून मिश्रणही सुरू असते. नवा मालक सांगितल्याप्रमाणे दोन्ही करतो आणि दुप्पट ऑइल जाळतो.

दुसरा प्रश्न केबलचा. अॅक्सिलरेटरची केबल पुढे फुटून एक कार्बोरेटरला आणि एक पंपाला जाते. पंपावर जुळवणीची खूण असते. कार्बोरेटरचे काम करताना केबल ओढून बसवली आणि ती खूण पाहिली नाही, तर पंप कायम जास्त ऑइल देतो. तिसरा प्रश्न झडपेचा. ऑइलच्या वाटेत एक छोटी एकमार्गी झडप असते. तिच्यात कचरा अडकला किंवा स्प्रिंग सैल झाली, तर गाडी उभी असताना टाकीतले ऑइल रात्रभर इंजिनात उतरते. याची खूण स्पष्ट आहे : रात्री टाकीवर पातळीची खूण करावी, गाडी न चालवता सकाळी पातळी उतरली असेल, तर दोष झडपेत आहे. तापल्यावर नीट, आणि रोज सकाळी धुराचा लोट, हे तिचे ठरलेले वागणे.

गिअर ऑइल चोरीला जाते ते कसे ओळखायचे?

बहुतेक जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलींत क्रँकच्या एका बाजूला क्लच आणि गिअर बॉक्सचे ऑइल असते, दुसऱ्या बाजूला मॅग्नेटो किंवा डायनॅमो. जावा-येझदीत क्लच डावीकडे, तर आरएक्स १०० मध्ये उजवीकडे. दोन्ही बाजूंना सील असतात, पण त्यांच्या बिघाडाची लक्षणे एकमेकांच्या उलट असतात.

क्लचच्या बाजूचे सील गेले, की पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये तयार होणारी पोकळी गिअर ऑइल ओढून घेते. धूर दाट, पांढुरका आणि नेहमीच्या टू-टीपेक्षा वेगळ्या, उग्र वासाचा येतो. इंजिन तापले तरी तो हटत नाही. मुख्य म्हणजे गिअर बॉक्सची पातळी उतरते आणि गाडीखाली मात्र ऑइलचा डाग नसतो. मॅग्नेटोच्या बाजूचे सील गेले, तर ऑइल नव्हे, हवा ओढली जाते. मिश्रण पातळ होते, इंजिन तापते, आयडलिंग स्थिर राहत नाही, अॅक्सिलरेटर सोडला तरी आवाज खाली येत नाही. हे दुसरे लक्षण धुराइतके दिसत नाही, पण जास्त धोक्याचे आहे.

तपासणी मापानेच करावी. गिअर बॉक्सचे ऑइल पूर्ण काढून, मॅन्युअलमध्ये दिलेले माप मोजून भरावे. दोनशे किलोमीटर चालवून ते पुन्हा काढून मोजावे. ठळक घट असेल आणि बाहेर गळती नसेल, तर चोर सापडला. काढलेल्या ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा ते वाढलेले असेल, तरी दोष त्याच सीलचा. मिश्रण उलट्या दिशेने गेलेले असते. या तपासणीत कधी कधी भलतेच निघते. गिअर बॉक्समध्ये ऑइल लेव्हलच्या स्क्रूपेक्षा वरपर्यंत भरलेले असते आणि जास्तीचे ऑइल सगळीकडून वाट शोधत असते. तेव्हा योग्य पातळी राखली की काम झाले.

बीपी मशिनचा उपयोग

सील गेले की नाही हे खात्रीने सांगणारी तपासणी जगभर एकच आहे : क्रँककेसमध्ये हवेचा हलका दाब भरायचा आणि तो टिकतो का पाहायचे. साधारण सहा पीएसआय दाब पुरतो. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. रक्तदाब मोजण्याच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि डायल चालते. तिच्यावरील ३०० हा आकडा म्हणजे जवळपास ५.८ पीएसआय. कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढून दोन्ही तोंडे रबरी बुचाने बंद करायची, हवा भरायची आणि काही मिनिटे काटा पाहायचा. काटा मिनिटाला एक पीएसआयपेक्षा वेगाने उतरत असेल तर गळती आहे. गिअर बॉक्सच्या भरण्याच्या तोंडातून हवा येत असेल तर क्लचच्या बाजूचे सील गेले. मॅग्नेटोमागे लावलेल्या साबणाच्या पाण्याला बुडबुडे आले तर दुसरे. सिलिंडरच्या पॅकिंगपाशी आले तर पॅकिंग. अर्ध्या तासाच्या या कामाने फुल इंजिन काम टळू शकते. काही गाड्यांत क्लच काढला की सील हाताशी येते, काहींत केस उघडावी लागते. पण काय शोधायचे हे तेव्हा ठाऊक असते.

ऑइल जास्त नाही, ते जळतच नसेल तर?

ही शक्यता सर्वांत दुर्लक्षित. ठिणगी अशक्त असेल, सीबी पॉइंट काळे पडले असतील, कंडेन्सर थकला असेल, टायमिंग मागे असेल, तर योग्य प्रमाणातले ऑइलही अर्धवट जळते. चोक पूर्ण बंद होत नसेल, एअर फिल्टर मातीने आणि ओलाव्याने गच्च असेल किंवा झिजलेल्या जेटमधून पेट्रोल जास्त येत असेल, तरी परिणाम तोच. इथे प्लग बरेच सांगून जातो. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. ओला, चकचकीत काळा असेल तर ऑइल जास्त किंवा ठिणगी कमजोर. कॉफीच्या रंगाचा असेल तर मिश्रण ठीक. प्लग मात्र बाजारातून रमतगमत आल्यावर नव्हे, पाच-सात किलोमीटर नेहमीच्या वेगाने चालवून, लगेच बंद करून पाहावा.

सायलेन्सरही साफ करायला हवा. जावा-येझदीला एका सिलिंडरला दोन सायलेन्सर आहेत आणि आतली जाळी काढता येते. ती वर्षानुवर्षे कुणी काढलेली नसते. एक बाजू तुंबून दुसरीतूनच सगळा धूर येत असेल, तर इंजिनात दोष नसताना तो दिसतो. इंजिन दुरुस्त करून जुनाच तुंबलेला सायलेन्सर बसवला, तर धूर पुढे कित्येक दिवस येत राहतो आणि दुरुस्ती फसली असे वाटते.

ऑइल कमी टाकणे हा उपाय का नाही?

कारण ऑइल कमी केल्याने धूर कमी होतो, दोष नाही. गिअर ऑइल ओढले जात असेल, तर टू-टी कमी केल्यानंतर इंजिनाला वंगण मिळते ते त्या कामासाठी न बनवलेल्या ऑइलचे. पुढे सील बदलले गेले आणि मिश्रण तेवढेच कमी राहिले, की इंजिन कोरडे चालते. त्याचा शेवट पिस्टन पकडण्यात होतो, आणि पिस्टन पकडला की मागचे चाक जागच्या जागी थांबते. रत्नागिरीहून कोल्हापूरला जाणाऱ्याला आंबा घाट उतरावा-चढावा लागतो. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेल्या गाडीत उतारावर अॅक्सिलरेटर बंद ठेवला, की पेट्रोलसोबत ऑइलही बंद होते, पण इंजिन मात्र चाकामुळे जोरात फिरत राहते. म्हणून जुने चालक उतारावर अधूनमधून अॅक्सिलरेटर देत किंवा क्लच दाबत. ऑइल आधीच कमी केले असेल, तर ही सवयही पुरत नाही.

त्यात आता पेट्रोलचा स्वभाव बदलला आहे. वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल सर्वत्र मिळते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण थोडे पातळ होते आणि इंजिन अधिक तापते. इथेनॉल ओलावाही ओढून घेते आणि जुन्या रबराला सोसत नाही. म्हणजे आज ऑइल कमी करण्याचा धोका तीस वर्षांपूर्वीपेक्षा मोठा आहे. पावसाळ्याआधी टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करणे हाच यावर उपाय.

कोणते ऑइल टाकावे, हा प्रश्नही मांडवीत महत्त्वाचा. शेजारीच मिरकरवाड्याचे मासेमारी बंदर आहे आणि किनाऱ्यावर छोट्या होड्यांची आउटबोर्ड इंजिने सर्रास दिसतात. त्यांचे ऑइल हाताशी असते म्हणून गाडीत टाकले जाते. आउटबोर्डचे टीसी-डब्ल्यू३ दर्जाचे ऑइल पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असते. हवेवर थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या मोटारसायकलीसाठी ते नव्हे. फोर-स्ट्रोकचे इंजिन ऑइल तर जळण्यासाठी बनलेलेच नसते. जासो एफसी किंवा एफडी दर्जाचे टू-टी ऑइल कमी धुराचे असते. अनेक गाड्यांचा निम्मा धूर केवळ योग्य ऑइलने कमी होतो.

कायदा काय म्हणतो?

टू-स्ट्रोक दुचाकीसाठी पीयूसीची मर्यादा गाडी केव्हा बनली यावर ठरते. ३१ मार्च २००० पूर्वीच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंत मुभा आहे. त्यानंतरच्या टू-स्ट्रोकला ३.५ टक्के आणि ६,००० पीपीएम. ही मोजणी आयडलिंगवर होते. डोळ्यांना दिसणारा ऑइलचा धूर तीत थेट मोजला जात नाही, म्हणून प्रमाणपत्र मिळाले म्हणजे गाडी निरोगी, असे नाही. मात्र हायड्रोकार्बनचा आकडा टिपून ठेवला, तर दुरुस्तीआधी आणि नंतरचा फरक नेमका कळतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली, मूळ स्वरूपात जपलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल न केलेली वाहने त्यात बसतात. अशा वाहनाच्या नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे आणि ते रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. साठच्या दशकातली जावा या व्याख्येत बसू शकते. १९९० ची आरएक्स १०० अजून बरीच वर्षे बसणार नाही. तिला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणाऱ्या नूतनीकरणाच्या वाटेनेच जावे लागते. दोन्ही बाबतींत मूळ इंजिनाला किंमत आहे.

मग रिबोअर करूच नये?

गरज असेल तेव्हा जरूर करावे. कॉम्प्रेशन मोजून कमी निघाले, पिस्टन आणि सिलिंडरमधले अंतर फीलर गेजने तपासून मर्यादेबाहेर आढळले, सिलिंडरवर ओरखडे दिसले, तर दुसरा पर्याय नाही. आक्षेप आहे तो मोजल्याशिवाय निर्णय घेण्याला. मालकाने गॅरेजमध्ये जाताना एक छोटी वही न्यावी : कोणते ऑइल, किती प्रमाण, किती किलोमीटर, गिअर ऑइल किती भरले आणि किती निघाले, धूर थंडपणी की तापल्यावर. ही पाच उत्तरे मिळाली, की चांगला मेकॅनिक इंजिन न खोलता बरेच काही सांगू शकतो. आणि जो मेकॅनिक हे विचारतच नाही, त्याच्याकडे सिलिंडर सोपवण्याआधी मालकाने थोडे थांबायला हवे.

जुन्या गाड्यांच्या हौसेला एक जबाबदारीही आहे. टू-स्ट्रोक इंजिनात मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर जातो. उत्तम जुळवलेली गाडीही आजच्या दुचाकीहून जास्त प्रदूषण करते. अरुंद गल्लीत शेजाऱ्याच्या पडवीत धूर शिरत असेल, तर ‘टू-स्ट्रोक आहे, धूर येणारच’ हे उत्तर पुरेसे नाही. येणारा धूर आणि येऊ नये तो धूर यांतला फरक मोजता येतो, आणि तो मोजणे हे मालकाचे काम आहे. दरवर्षी जुलैतल्या दुसऱ्या रविवारी जगभर जावा-येझदीप्रेमी आपल्या गाड्या घेऊन एकत्र जमतात. कोकणात तेव्हा ऐन पाऊस असतो. मांडवीतल्या गाडीसाठी त्याआधीचे मे महिन्यातले एक काम जास्त मोलाचे आहे : टाकी रिकामी करणे, कॉक बंद करणे, कार्बोरेटरची वाटी कोरडी करणे आणि गिअर ऑइलची पातळी वहीत लिहून ठेवणे. ऑक्टोबरात ती पातळी पुन्हा मोजली, की निम्मे निदान तिथेच होते.